आमच्याविषयी कोण बोलणार?

वाचकहो, हक्कांचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे मोर्चे, सभा आणि कायदे यांपासून आरंभ करण्याची आपली रीत आहे. आज जी हकिगत तुमच्यापुढे ठेवावयाची आहे, तिचा आरंभ मात्र एका बापाच्या पत्रापासून होतो. पत्र टंकलिखित, तेहतीस पानांचे. ते १९३८ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावातून बाल्टिमोरच्या एका डॉक्टरांना गेले.

लिहिणारा वकील होता. त्याचा मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट तेव्हा पाच वर्षांचा. हा मुलगा दोन वर्षांचा असतानाच स्तोत्र तोंडपाठ म्हणून दाखवी, पण आईने हाक मारली तर वळून पाहत नसे. भांडी जमिनीवर गरगर फिरवीत बसे, आणि कोणी ती थांबवली तर आकांत करी. गावच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आईबापांनी त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवले होते. वर्षभराने त्यांचे मन राहीना. संस्थेचा विरोध पत्करून त्यांनी मुलाला घरी आणले आणि मग हे पत्र लिहिले गेले.

ज्यांना पत्र गेले ते डॉ. लिओ कॅनर. त्यांनी डोनाल्ड आणि त्याच्यासारखी आणखी दहा मुले तपासून १९४३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ऑटिझम हा शब्द या मुलांच्या संदर्भात जगात रूढ झाला तो प्रामुख्याने त्या निबंधामुळे. त्याच सुमारास व्हिएन्नात हान्स आस्पर्गर आणि त्याच्याही आधी, १९२५ साली, मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या बाईंनी अशा मुलांची वर्णने लिहिलेली होती. पण सुखारेवाबाईंचे नाव पुढे कितीतरी वर्षे कोणी घेतले नाही.

आपण मराठीत या स्थितीला स्वमग्नता म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘स्वतः’, त्यावरून हे भाषांतर झाले. भाषांतर बरोबर आहे, पण मला ते पुरते पटत नाही. स्वमग्न म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो आपल्याच तंद्रीत रमलेला, जगाची पर्वा नसलेला माणूस. या लोकांनी मोठेपणी स्वतः जे लिहिले ते वाचले तर चित्र पुष्कळदा उलटे दिसते. बाहेरचे जग त्यांच्यापर्यंत पोचत नाही असे नाही. ते फार जोराने पोचते. शाळेची घंटा, ट्यूबलाइटची गुणगुण, नव्या सदऱ्याच्या कॉलरचे टोचणे, यांतले काहीच मागे सारता येत नाही. असो. शब्द रूढ आहे, कायद्यातही आहे, तेव्हा आपणही तोच वापरू.

डोनाल्डचे पुढे काय झाले ते शिक्षकांनी आणि शेतकऱ्यांनी मुद्दाम ऐकण्याजोगे आहे. १९४२ साली त्याला गावापासून काही मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहावयास ठेवले. हे दोघे काही मानसशास्त्र शिकलेले नव्हते. मुलाला मोजमापाचा नाद आहे हे पाहून त्यांनी त्याच्याकडून विहीर खणून घेतली आणि किती खोल गेली ते त्याच्याकडूनच मोजवून घेतले. तो मक्याच्या ओळी पुन्हापुन्हा मोजू लागला, तेव्हा ‘मोजू नकोस’ असे कोणी म्हटले नाही. नांगर हाती दिला आणि नांगरताना मोज म्हणून सांगितले. १९४५ साली कॅनर तेथे गेले तेव्हा पोराने त्यांच्यादेखत सहा लांब ओळी नांगरल्या, आणि टोकाला घोडा कसा वळवला ते पाहून डॉक्टर थक्क झाले. गावच्या शाळेनेही त्याच्या विक्षिप्त वागण्याकडे काणाडोळा करून त्याला शिकवले. पुढे तो कॉलेजात शिकून पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरी केली, मोटार चालवली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. गाव त्याला आपला माणूस समजत असे.

परंतु हे नशीब झाले, हक्क नव्हे. डोनाल्डच्या आईच्या माहेरचा त्या बँकेत हिस्सा होता. ज्यांच्या माहेरी बँक नाही अशांची मुले मोठ्या सरकारी आश्रयगृहांत जात आणि बहुतेक तेथेच आयुष्य काढीत. पुन्हा त्यावर मीठ चोळल्यासारखी एक उपपत्ती निघाली. आई थंड हृदयाची, तिने जीव लावला नाही, म्हणून मूल असे झाले! स्वतः कॅनर यांनीही एका काळी आईबापांच्या कोरडेपणाविषयी लिहिले होते. शिकागोचे ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली आपल्या पुस्तकातून या कल्पनेला मोठी प्रसिद्धी मिळवून दिली. त्या काळी अमेरिकेत मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेलेली आई दोषी ठरूनच परत येई.

हा डाग पुसण्याचे काम एका बापाने केले. बर्नार्ड रिमलंड हे आरमारातले मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा मार्क १९५६ साली जन्मला तो अखंड रडतच. घरात आईचे प्रेम उणे नाही हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते. त्यांनी मिळेल तो निबंध वाचून काढला आणि १९६४ साली पुस्तक लिहून दाखवून दिले, की आईच्या थंडपणाला पुरावा कसलाच नाही. कारण मेंदूच्या घडणीत शोधावयास हवे. पुस्तकाची प्रस्तावना खुद्द कॅनर यांची. मागे लक्षणांची एक प्रश्नावली छापली होती. आईबापांनी ती भरून धाडली आणि देशभरातून पत्रांचा पाऊस पडला.

त्या पत्रांतून १९६५ साली अमेरिकेत स्वमग्न मुलांसाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. रूथ सलिव्हन नावाच्या आईने तिची धुरा पुढे कितीतरी वर्षे वाहिली. इंग्लंडात तीन वर्षे आधीच, १९६२ साली, अशी संस्था निघाली होती, आणि त्यात रेडिओचाही वाटा होता. हेलन अ‍ॅलिसन या मातेने १९६१ साली बीबीसीच्या स्त्रियांच्या कार्यक्रमात आपल्या मुलाविषयी सांगितले, आणि असेच मूल घरी असलेल्या आया एकमेकींना सापडू लागल्या. आपल्यासारख्या नभोवाणीवाल्यांना हे वाचून बरे वाटते, हे लपवीत नाही.

१९६९ साली या पालकांच्या सभेत कॅनर स्वतः उभे राहिले आणि ‘पालक म्हणून मी तुम्हाला दोषमुक्त करतो’ अशा अर्थाचे बोलले. सभेतल्या कित्येकांचे डोळे भरून आले असतील. तथापि माझ्या मनात येते, की ज्यांनी गुन्हाच केला नव्हता त्यांना निर्दोष ठरविण्याचा अधिकार तरी कोणाला होता?

पालक दोषमुक्तीवर थांबले नाहीत. त्यांना शाळा हवी होती. त्या काळी अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ‘हे मूल शिकण्याजोगे नाही’ असे सांगून त्याला दारातूनच परत पाठविण्याची मुभा शाळेला होती. मतिमंद, अंध, बहिऱ्या आणि स्वमग्न मुलांच्या पालकांनी मिळून कोर्टात आणि विधिमंडळांत लढा दिला, आणि २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची सही होऊन कायदा झाला: अपंगत्व कोणतेही असो, प्रत्येक मुलाला सरकारी खर्चाने योग्य शिक्षण. त्या कायद्यात ऑटिझमचा वेगळा प्रवर्ग व्हावयास मात्र १९९० साल उजाडले.

येथवर गोष्ट सरळ आहे. आधी डॉक्टर बोलत होते, मग पालक बोलू लागले, आणि पालकांनी मिळवले ते थोडे नव्हे. पण ज्या मुलांविषयी एवढे बोलणे चालले होते ती या काळात मोठी होत होती, हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. संस्थांच्या नावांत ‘मुले’, चित्रांत मुले, वर्गणीच्या आवाहनात मुले. जणू वयाच्या अठराव्या वर्षी हे लोक अंतर्धान पावतात.

त्यांच्यातल्या ज्यांचा आवाज जगाला प्रथम ऐकू आला त्यांत टेंपल ग्रँडिन या बाई होत. १९४७ सालचा जन्म, बोलायला उशीर, संस्थेत ठेवा असा डॉक्टरांचा सल्ला. आईने तो मानला नाही. १९८६ साली त्यांनी आत्मकथन लिहिले. त्यांचा धंदा मोठा मजेदार, आणि गुरेढोरे बाळगणाऱ्यांना लगेच उमगेल असा. कत्तलखान्याकडे आणि दवाखान्याकडे जाणाऱ्या अरुंद वाटेत गुरे मध्येच का बुजतात, ते त्या स्वतः त्या वाटेने चालून शोधीत. कुठे साखळी लोंबते आहे, कुठे कुंपणावर कोट टाकला आहे, कुठे डबक्यावर ऊन चमकते आहे. इतरांच्या नजरेतून निसटणारे बारकावे त्यांच्या नजरेत भरत. अमेरिकेतल्या गुरांच्या कित्येक गोठवाटा त्यांच्या आराखड्यावर बांधल्या गेल्या. बैल सावलीला बुजतो हे आपल्याला ठाऊक असते. त्यासाठी बैलाला शिक्षा करण्याऐवजी सावली हलवावी, हे त्यांनी धंद्याचे सूत्र केले.

ग्रँडिनबाईंनी लोकांना समजावून सांगितले. भांडणाची भाषा आणली ती जिम सिंक्लेअर यांनी. स्वतः सिंक्लेअर बाराव्या वर्षापर्यंत बोलत नव्हते. १९९२ साली त्यांनी काही मित्रांसह केवळ स्वमग्न लोकांनी चालविलेली संघटना काढली, आणि १९९३ साली टोरांटोच्या परिषदेत पालकांना उद्देशून एक भाषण केले. आशय असा: तुम्ही मुलाविषयी शोक करता तेव्हा, मनात धरलेले जे मूल तुम्हाला लाभले नाही त्याचा शोक करता. तो शोक खरा आहे, पण आमच्यादेखत करू नका. कारण आम्ही मेलेलो नाही, आम्ही इथे आहोत, आणि आम्हाला तुमची गरज आहे. पालकांना हे झोंबले. ज्या आईने वीस वर्षे रात्री जागून काढल्या तिला ‘रडू नकोस’ म्हणणे कठोर वाटणारच. पण ज्याच्या जन्माचा सुतक धरल्यासारखा शोक होतो आहे त्याने तो निमूट पाहत राहावा, हे तरी कोणत्या न्यायाने?

याच सुमारास पालकांच्या चळवळीतला एक गट उपायाच्या मागे लागून आडवाटेला गेला. १९९८ साली लंडनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात गोवर-गालफुगीच्या लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा लेख आला. तो सदोष ठरून २०१० साली साप्ताहिकाने तो मागे घेतला, मोठमोठ्या पाहण्यांत असा संबंध आढळला नाही. पण तोवर कित्येक घरांनी मुलांना लस टोचायचे टाळले होते. गावात कोणी अजून ही अफवा सांगत असेल तर त्याला ही तारीख सांगावी.

२००६ साली ॲरी नीमन आणि स्कॉट रॉबर्टसन या दोघा स्वमग्न तरुणांनी राष्ट्रीय पातळीवर राजकीय काम करणारी संस्था स्थापली. नाव ऑटिस्टिक सेल्फ अ‍ॅडव्होकसी नेटवर्क. मराठीत म्हणावयाचे तर स्वमग्नांचे आपल्या वतीने आपण बोलण्याचे जाळे. अपंगांच्या चळवळीतली जुनी घोषणा त्यांनी उचलली: आमच्याविषयीचे काहीही आमच्याशिवाय नको. पुढच्याच वर्षी तिची कसोटी लागली.

डिसेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्क शहरात विद्यापीठाशी संलग्न अशा एका बालमानसोपचार केंद्राने जाहिरातीचे फलक लावले. मजकूर खंडणीच्या चिठ्ठीचा! मुलाला पळवणाऱ्या गुंडाने लिहावी तशी चिठ्ठी, आणि खाली सही ऑटिझमची. तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, तो कधी स्वतःची काळजी घेऊ शकणार नाही, असा धाक. हेतू लोकांनी मुलांना उपचाराला आणावे असा होता. तो मी वाईट म्हणत नाही. पण रस्त्याने जाणाऱ्या स्वमग्न तरुणाने तो फलक वाचला तर त्याने स्वतःला काय समजावे? ओलीस की गुंड? नीमन तेव्हा कॉलेजातला विद्यार्थी. हाताशी पैसा नाही, कार्यालय नाही. त्यांनी अपंगांच्या इतर संघटनांना हाक दिली. सह्या जमल्या, केंद्राला पत्रे गेली, वृत्तपत्रांनी दखल घेतली, आणि तीन आठवड्यांच्या आत, १९ डिसेंबरला, फलक मागे घेतल्याचे जाहीर झाले. फलक ही लहान गोष्ट खरी, पण डॉक्टरांची आणि पालकांची मध्यस्थी न घेता या लोकांनी मिळवलेल्या पहिल्या ठळक विजयांत तिची गणना होते.

१६ डिसेंबर २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी नीमन यांचे नाव अपंगत्वविषयक राष्ट्रीय मंडळावर सुचवले. वय बावीस. सिनेटमध्ये नाव काही महिने अडकून पडले. आक्षेप घेणाऱ्यांत काही पालकही होते, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणत, हा मुलगा छान बोलतो, कॉलेजात जातो. आमचा मुलगा वीस वर्षांचा आहे, बोलत नाही, डोके भिंतीवर आपटून घेतो. याने त्याच्या वतीने का बोलावे? प्रश्न खोटा नाही. पण त्याला उत्तर असे, की न बोलणाऱ्यांतलेही कित्येक टंकयंत्रावर किंवा चित्रांच्या पाटीवर बोलतात, साधन आणि सवड दिली तर. शिवाय बोलणाऱ्याला हा अधिकार नाही म्हटले तर तो कोणाला आहे? शेवटी २०१० साली नियुक्ती झाली.

भिंतीवर डोके आपटणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा वाद सर्वांत तिखट झाला. मॅसॅच्युसेट्स राज्यात कॅन्टन येथे जज रोटेनबर्ग सेंटर नावाची निवासी शाळा आहे. तेथे अंगाला बांधलेल्या यंत्रातून कातडीला विजेचा झटका देऊन मुलांच्या आणि मोठ्यांच्या सवयी मोडण्याची पद्धत चाले. कित्येक पालकांनी स्वतः कोर्टात उभे राहून सांगितले की या झटक्यांनीच आमचे मूल जिवंत राहिले. आणि ज्यांनी झटके खाल्ले त्यांतल्या काहींनी बाहेर येऊन सांगितले की हा छळ होता. पालक एकीकडे, मूल दुसरीकडे: ‘कोणी बोलावे’ हा प्रश्न याहून उघडा कोठे पडणार? स्वमग्नांच्या संघटनेने झटक्यांविरुद्ध वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्रांवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये कोर्टाने ती अधिकाराच्या मुद्द्यावर रद्द केली. डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने कायदा दुरुस्त करून तो अधिकार स्पष्ट दिला, आणि मार्च २०२४ मध्ये बंदीचा नवा प्रस्ताव निघाला. मला विचाराल तर मी झटके खाल्लेल्याच्या बाजूचा आहे. आईची माया खोटी नाही, पण झटका तिच्या अंगाला बसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे सातासमुद्रापलीकडचे झाले. आपल्याकडे काय?

आपल्याकडेही क्रम तोच, फक्त उशिरा. १९९१ साली दिल्लीत मेरी बरुआ या मातेने अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम ही संस्था सुरू केली. १९९५ साली संसदेने अपंगांच्या समान संधींचा कायदा केला. त्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. यादीत नाव नाही म्हणजे दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणजे सवलत नाही. सरकारी कचेरीचे हे गणित तुम्हाला सांगावयास नको. मग १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा आला. त्याच्या नावातच स्वमग्नता आहे. २०१२ साली शिक्षणहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन न्यासाच्या कायद्यात मोडणारी मुलेही त्यात आली. संयुक्त राष्ट्रांचा अपंगहक्क करार आपण २००७ साली मान्य केला होता, आणि त्याला अनुसरून २०१६ चा कायदा झाला, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. सातांची यादी एकवीसांवर गेली. स्वमग्नता स्वतंत्रपणे लिहिली गेली. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, तोही जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड त्याची. सरकारी नोकऱ्यांत अपंगांना जे चार टक्के आरक्षण आहे, त्यातल्या एका टक्क्यात इतर काही प्रकारांबरोबर स्वमग्नताही येते. गुरुजींनी हे पालकांना सांगावे. पुष्कळांना ते ठाऊक नसते.

या दोन कायद्यांत एक बारीक फरक आहे. १९९९ च्या कायद्यात मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसासाठी पालकत्वाची सोय आहे: आईबापांमागे त्याचे निर्णय कोणी घ्यावेत, तर नेमलेल्या पालकाने. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व हा शब्द आला. म्हणजे पालकाने त्या माणसाच्या वतीने परस्पर ठरवावयाचे नाही. त्याच्याशी विचारविनिमय करून, त्याची इच्छा धरून, ठराविक निर्णयापुरते आणि ठराविक काळापुरते त्याच्यासह ठरवावयाचे. ‘त्याच्या वतीने’ आणि ‘त्याच्यासह’ या दोन शब्दांमधले अंतर कापायला अमेरिकेत फॉरेस्टच्या त्या पत्रापासून जवळजवळ सत्तर वर्षे गेली. आपल्याकडे दोन्ही कायदे आज शेजारीशेजारी नांदताहेत.

पालकत्वाचे अर्ज जेथे जातात ती स्थानिक स्तर समिती जिल्ह्याच्या ठिकाणी असते. तीत जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि तिसरी एक अपंग व्यक्ती, असे तिघे बसतात. ही तिसरी खुर्ची कायद्याने ठेवलेली आहे. तुमच्या जिल्ह्यात तीवर कोण बसते, आणि अर्जातल्या स्वमग्न माणसाला सुनावणीच्या दिवशी आत बोलावून त्याचे म्हणणे, मग ते बोलून असो, लिहून असो की चित्राकडे बोट दाखवून असो, विचारले जाते काय, हे जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन विचारता येईल.